हरणाची दया येत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याला सुट्टीवर आले की कोणी ना कोणी विचारतंच. आधी एक-दोन आडवे प्रश्न होतात, विस्कॉन्सिनला थंडी किती असते, मुलांना मराठी येतं का वगैरे, आणि मग चहाचा कप खाली ठेवून मूळ मुद्दा, तुम्ही लोक खरंच हरणं मारता म्हणे? मी हो म्हटलं की लगेच पुढचा, अगं पण दया नाही येत? हे इतक्या जणांनी आणि इतक्या तऱ्हेच्या चेहऱ्यांनी विचारून झालंय (चिकन बिर्याणी खाता खाता विचारणारेही त्यात आलेच) की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

थोडं आधीचं सांगते. मी लहान असताना आईनं दुसरं लग्न केलं आणि आम्ही दोघी विस्कॉन्सिनला गेलो. पपांचं घर डेअरीवाल्यांचं. गाई, मक्याची शेतं, शेतामागे ओकच्या झाडांचं रान आणि त्याच्याही मागे पाणथळ. त्या घरात नोव्हेंबर म्हणजे हरणांचा सीझन. बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि त्या दिवसांत लग्न, बारसं, ऑपरेशन काहीही ठेवायचं नाही असा अलिखित नियम. काका, आत्या, चुलत भावंडं सगळी ग्रँडपांच्या घरी जमायची, जमिनीवर अंथरुणं टाकून झोपायची. आम्हाला दिवाळी हुकल्याचं वाईट वाटायचं ते त्या गर्दीत जरा भरून निघायचं.

आणि हो, कोणाच्या डोक्यात काही भलतं यायच्या आत, भारतात हे चालत नाही आणि चालू नये. 1972 चा वन्यजीव कायदा आला, पुढे 1991 च्या दुरुस्तीनं लायसन्सवाली शिकारही गेली, ते बरोबरच झालं. आमच्याकडचं गणित वेगळं आहे. एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेत बाजारात विकायला म्हणून हरणं इतकी मारली की पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात जेमतेम पाच लाख उरली असावीत असा अंदाज आहे. मग कायदे आले, 1900 सालचा लेसी कायदा त्यातला एक, रानातलं मटण विकणं बंद झालं (आजही विकता येत नाही, खा किंवा द्या), आणि 1937 च्या कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा (आता तो 11 टक्के आहे) पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळायला लागला. आज तीच हरणं तीन कोटींच्या आसपास धरतात. लांडगे आणि कुगर (तिकडचं मोठं रानमांजर) बहुतेक भागांतून आधीच माणसानं संपवलेले, त्यामुळे हरणं पिकात घुसतात, गाड्यांवर येतात, रानातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. म्हणून कुठल्या भागात किती माद्या मारायच्या याचे परवाने राज्य दरवर्षी ठरवतं. मला हा हिशोब पटतो, पण खरं सांगू, मी त्या हिशोबासाठी रानात जात नाही, आणि तुमचा प्रश्नही हिशोबाचा नव्हता.

दया येते. येतेच. फक्त ग्रँडपांच्या घरात दया ही नुसती मनात वाटायची गोष्ट नव्हती, ती करायची गोष्ट होती, आणि करायची म्हणजे आधी शिकावी लागते, त्यात पास-नापास असतं, आणि नापास झालात तर त्याची किंमत हरीण भरतं.

शिकवणीची सुरुवात बंदुकीपासून नाही झाली. तेव्हा बारा वर्षांखालच्या मुलांना बंदूक घेऊन शिकार करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मी नुसतीच पपांबरोबर मचाणावर बसायचे. पहाटेच्या अंधारात, उणे दहा डिग्री, अंगावर भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी. हा रंग 1980 पासून आमच्या राज्यात सक्तीचा झाला (2016 पासून त्याऐवजी भडक गुलाबीही चालतो), माणसानं माणसाला ओळखावं म्हणून. हरणाला तो तसा दिसत नाही, त्याच्या डोळ्याला लाल-नारिंगी असा वेगळा कळतच नाही, पण निळा मात्र आपल्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून पपा मला निळी जीन्स घालू द्यायचे नाहीत. आणि दिसण्याचं सोडा, खरा कारभार नाकाचा. वारं आपल्याकडून हरणाकडे जात असेल तर घरी जाऊन झोपलेलं बरं. मी खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवायचे, चिमूटभर उडवायची आणि बघायचं कुठे जाते ते.

संध्याकाळी ग्रँडपा परीक्षा घ्यायचे. आज काय बघितलंस? मी म्हणायचे एक नर, दोन माद्या. मग पुढचे प्रश्न. नर कुठल्या बाजूनं आला, उभा कसा होता, त्याच्या मागे काय होतं? या ‘मागे काय होतं’वर ते फार अडून बसायचे. हरीण टेकाडाच्या माथ्यावर उभं असेल आणि मागे नुसतं आभाळ असेल तर बार काढायचाच नाही, गोळी थांबायला मागे माती नाही, पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. हरीण समोर तोंड करून असेल, नाही. पाठमोरं असेल, अजिबात नाही. झुडपाआड अर्धं असेल, नाही. पळत असेल, नाही (आमचा एक काका पळत्यावर बार टाकायचा, त्याला ग्रँडमा जेवताना सगळ्यांसमोर बोलायची). आडवं उभं असेल, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तर पायाच्या जरा मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, तिथे फुप्फुसं आणि हृदय. ती जागा साधारण जेवणाच्या छोट्या कागदी प्लेटएवढी. म्हणून सगळा उन्हाळा आम्ही कागदी प्लेटांवर नेमबाजी करायचो, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, आणि ज्या अंतरापर्यंत प्रत्येक गोळी प्लेटमध्ये बसते तेवढंच तुमचं अंतर. माझं कितीतरी दिवस साठ-सत्तर यार्डच होतं. त्यापुढच्या हरणाला नुसतं बघायचं.

बाराव्या वर्षी सेफ्टी कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं. विस्कॉन्सिनात 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ते लागतंच, ग्रँडपांना लागायचं नाही, त्यावरून आम्ही त्यांना चिडवायचो की घरातला एकमेव अशिक्षित शिकारी हाच.

पण दया म्हणजे काय ते मला नीट कळलं ते माझ्या स्वतःच्या शिकारीत नाही, मधल्या काकाच्या. संध्याकाळचा शेवटचा उजेड, त्यानं एका नरावर बार टाकला आणि बारच्या क्षणी नर वळला. काका घरी आला तो गप्पच. आम्ही पोरं बॅटऱ्या घेऊन तयार, चला शोधू. ग्रँडपा म्हणाले, कोणी उठायचं नाही. ते एकटे काकाला घेऊन बार लागलेल्या जागेपर्यंत गेले, तिथली पानं उचलून आणली आणि किचनच्या टेबलावर पेपर टाकून आम्हाला दाखवली. बघा म्हणाले, आणि वास घ्या.

रक्त वाचायचं असतं. गुलाबीसर, फेसाळ, बारीक बुडबुडे असले तर फुप्फुसं, अर्धा तास थांबलात तरी चालेल, हरीण जवळच पडलेलं असतं. काळपट लाल असलं तर कलेजी, मग काही तास थांबायचं. आणि पानावर हिरवट काहीतरी, रक्त कमी आणि घाण वास, तर गोळी पोटात गेलीय. ती पानं हिरवट होती. अशा वेळी लगेच मागे लागलं तर जखमी हरीण उठतं आणि पळत राहतं, मैल मैल जातं, कधीच सापडत नाही आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. त्याला कोणी छेडलं नाही तर ते बऱ्याचदा पहिल्याच दाट जागेत जाऊन बसतं आणि तिथेच संपतं. म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून धावत सुटणं हे सगळ्यात दुष्ट काम. सहा-आठ तास तरी हात बांधून बसायचं. ती रात्र आम्ही पत्ते खेळून काढली, नीट कोणी खेळत नव्हतं, बाहेर कोयोटे (लांडग्याचे छोटे भाऊबंद) ओरडायला लागले तेव्हा काका उठून दारापर्यंत गेला आणि ग्रँडमानं त्याला नुसतं नावानं हाक मारून परत बसवलं. माझ्या आईचं त्या घरातलं ते सुरुवातीचंच वर्ष, ती ओट्याशी उभी राहून सगळं बघत होती आणि मला हळूच मराठीत म्हणाली, ही माणसं सुतकात असल्यासारखी का बसलीत?

पहाटे सगळे गेलो. एकानं शेवटच्या डागापाशी उभं राहायचं, हलायचं नाही, दुसऱ्यानं पुढचा डाग शोधायचा. प्रत्येक डागापाशी फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा, मग मागे वळून बघितलं की तुकड्यांची रांग दिसते आणि हरीण कुठल्या दिशेनं निघालं होतं ते कळतं. मध्ये बराच वेळ काहीच मिळेना, तेव्हा गुडघ्यांवर बसून पान न पान उलटलं. माझी चुलत बहीण माझ्याहून लहान, तिला गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला एक डाग दिसला. नर पाणथळीतल्या उंच गवतात सापडला, रात्रीच कधीतरी गेलेला. काकानं त्या वर्षी पुन्हा बंदूक उचलली नाही. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

माझं पहिलं हरीण मादी होतं. शिंगांचा फोटोबिटो काही नाही, माद्यांचा परवाना होता आणि ती आडवी उभी राहिली, बस. त्याबद्दल लोकांना फार उत्सुकता असते, काय वाटलं, रडलीस का. थोडी रडले, पण त्याहून जास्त आठवतं ते पुढचं काम. मागच्या बाजूनं जवळ जायचं, लांब काडी डोळ्याला हलकेच लावून बघायची, पापणी हलली नाही म्हणजे खरंच गेलीय. बंदूक रिकामी करायची. मग पोट उघडायचं, दोन बोटांमध्ये सुरीचं टोक वर धरून, म्हणजे आतडी फाटत नाहीत आणि मांस खराब होत नाही. पपा बाजूला उभे राहून सांगत होते, सुरी माझ्याच हातात होती. वाफ येत होती आणि थंडीनं बधिर झालेली माझी बोटं आत गेल्यावर ऊबेला आली, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं आणि अजूनही वाटतं. पपांनी फुप्फुसं काढून गोळी कुठून कुठे गेली ते दाखवलं. माझा रिपोर्ट कार्ड तो.

आता कोणी म्हणेल एवढी दया असेल तर मारूच नका. हे म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. माझी धाकटी लेक अगदी हेच म्हणते, तिनं कोर्स केला, परवाना काढला, दोन दिवस मचाणावर बसली आणि सांगितलं मी बार टाकणार नाही. बरं म्हटलं. माग काढायला मात्र येते, आणि नजर तिची माझ्यापेक्षा बरी आहे. मला राग येतो तो दुसऱ्यांचा, उन्हाळाभर एक गोळी न झाडता थेट सीझनला उगवतात आणि तीनशे यार्डांवर नशीब आजमावतात. त्यांना दया येत नाही असं नाही, संध्याकाळी बियर पिताना भरपूर येते.

चव कशी लागते हेही विचारता, तर चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे पाठीचं मांस तव्यावर पटकन आणि खांदा-मांडी कुकरमध्ये निवांत. आई सातारी पद्धतीचा काळा मसाला लावून रस्सा करते, ग्रँडपा शेवटी शेवटी दुसरं काही मागायचेच नाहीत. एक भानगड अशी की 2002 पासून आमच्या राज्यातल्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) सापडतोय, मेंदूचा रोग, तो पसरवणारे प्रायॉन, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, शिजवूनही नष्ट होत नाहीत. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरीण खाऊ नका असंच सांगतात. म्हणून मानेतल्या गाठी तपासणीला द्यायच्या आणि प्रत्येक पाकिटावर हरणाचा नंबर लिहून फ्रीजरमध्ये ठेवायचं, रिझल्ट येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तेव्हा जेवायला यायचं असेल तर डिसेंबरच्या शेवटी या, नोव्हेंबरात आलात तर पिठलं-भात मिळेल.