क्रिकेटपलीकडची वाहिनी

सार्वजनिक पैशातून चालणारी, केवळ खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी हवी, असे म्हटले की ‘डीडी स्पोर्ट्स आहे की’ हे उत्तर ठरलेले असते. ती १९९८ पासून आहे, हे खरे. मात्र सार्वजनिक क्रीडावाहिनीने नेमके काय दाखवावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे क्रिकेटपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते.

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते आणि त्यावरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाकडे जातो. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबलवर नाही. ज्याच्या घरी फ्री डिश आहे त्याची सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी. तरीही जो सामना कुणी ना कुणी दाखवणारच होते, तोच आणखी एका ठिकाणी दिसू लागला, एवढाच या सगळ्याचा अर्थ आहे.

बाजार ज्याला हातही लावत नाही, ते दाखवणे हे सार्वजनिक वाहिनीचे खरे काम. खो-खोचेच पाहा. या खेळाची नियमावली बांधण्याचे काम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने हाती घेतले, म्हणजे खेळ कागदावर उतरला तो पुण्यात. आणि आज बहुतेक पुणेकरांची त्याच्याशी गाठ पडते ती क्रीडापानाच्या तळाशी, ‘२.१० मिनिटे संरक्षण व आक्रमणात ३ गडी’ अशा एका ओळीत. आठ गडी चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले, नववा पाठलागावर, त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि धरलेली दिशा सोडता येत नाही. संरक्षक मात्र बसलेल्यांमधून साखळी खेळत नागमोडी पळतो, आणि खांबापाशी त्याच्यावर मारलेला सूर बोटभर चुकला तर पुढची कितीतरी सेकंदे त्याच्या संघाची होतात. हे सगळे त्या ओळीत कुठून कळणार? ते पडद्यावर आणायला दोन्ही खांबांपाशी एकेक आणि उंचावर एक, असे निदान तीन कॅमेरे आणि खेळ जाणणारा दिग्दर्शक लागतो. ‘आता सगळे यूट्यूबवर असतेच’ म्हणणाऱ्यांनी तिवईवर टेकवलेल्या एकाच मोबाइलमधून आलेला सामना शेवटपर्यंत पाहून दाखवावा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच कर्णधारांच्या संघांनी नेपाळला हरवून दोन्ही गटांची विजेतेपदे मिळवली. कौतुक झाले, सत्कारही झाले. पण ज्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतून हे खेळाडू घडले, त्या आपल्यापैकी किती जणांनी पाहिल्या होत्या? स्वप्निल कुसाळेचेही तेच. पॅरिसला नेमबाजीत त्याने कांस्यपदक जिंकले तेव्हाच आपण त्याला पाहिले.

पैशाचा आक्षेप मी मुळीच हलका मानत नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्या लिलावात सार्वजनिक संस्थेने उतरूच नये. खो-खो, कुस्ती किंवा मैदानी स्पर्धांच्या हक्कांसाठी अशी झुंबड उडत नाही. खर्च आहे तो कॅमेऱ्यांचा, माणसांचा आणि प्रवासाचा, आणि तो वर्षानुवर्षे नेटाने करावा लागेल, कारण प्रेक्षक पहिल्या हंगामात येत नसतो. पदकांच्या दिवशी जागी होणारी वाहिनी नको. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी राज्य अजिंक्यपद स्पर्धा दाखवणारी हवी.

समालोचन अर्थातच मराठीत हवे, आणि त्यासाठी इंग्रजीवरून बेतलेली वाक्ये वाचणारे निवेदक नकोत (हा माझा जुना राग आहे, तो बाजूला ठेवतो). गावोगावच्या कुस्ती मैदानांत ध्वनिक्षेपक हातात घेऊन बोलणारी मंडळी आहेतच. कोणता मल्ल कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, आत्ता लागलेला डाव ढाक की घिस्सा, हे ती क्षणात सांगतात. वाहिनीने पहिला करार त्यांच्याशी करावा.