वॉशिंग मशीनचा पावडरचा ट्रे: दोन सेकंदांचं काम, पाच दिवस

जुलैत वाघोलीत सगळ्याच घरांना ओल असते, त्यामुळे टॉवेलला कुबट वास येतो याचं मला काही वाटलं नव्हतं. पण आईने टॉवेल नाकाशी धरला आणि म्हणाली, "हा पावसाचा वास नाही. मशीनचा आहे." आईच्या नाकावर आमच्याकडे अपील चालत नाही.

दाराचं रबर पुसलं, रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं, खालचा फिल्टर काढून धुतला (दोन रुपयांचं नाणं आणि बायकोची हरवलेली पिन मिळाली). वास तसाच. शेवटी पावडरचा ट्रे पुढे ओढून आत मोबाइलचा टॉर्च मारला. वरच्या छताला, जिथून पाण्याच्या धारा पडतात तिथे, काळी बुरशी. मधल्या कप्प्यात पावडरचा दगड झालेला. आणि फुलाचं चित्र असलेल्या कप्प्यात, म्हणजे सॉफ्टनरच्या, निळसर खळ.

ट्रे बाहेर काढून धुवायचा, एवढंच काम. पुस्तिकेत एक बोट, एक बाण आणि 'दाबा व ओढा'. काय दाबा? मला ट्रेमध्ये दाबण्यासारखं काहीच दिसेना. अर्ध्यावर येऊन ट्रे अडायचा. आणखी ओढला तर अख्खं मशीन पुढे सरकलं.

मग कस्टमर केअर. एक दाबा, तीन दाबा, वीस मिनिटं बासरी. पलीकडून सल्ला मिळाला, "सर, जोर से खींचिए." खेचलं, तर तुटल्यावर भरून कोण देणार, असं विचारल्यावर तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्या दिवशी दहा ते दोन. मी अर्धी रजा टाकली. आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून, बेल ऐकू यावी म्हणून. दोन वाजले, अडीच वाजले. दोन पन्नासला मेसेज: ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने भेट रद्द. मी मशीनसमोर स्टुलावर बसून तो वाचला! पुन्हा फोन, पुन्हा बासरी, पुन्हा नवीन बाईंना पहिल्यापासून सगळी कथा. त्यात रविवार आला.

पाचव्या दिवशी सकाळी माणूस उगवला. ट्रे एकदा ओढला, एकदा ढकलला. वाकलासुद्धा नाही. "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, अठ्ठावीसशे. शिवाय व्हिजिटचे साडेचारशे." साडेचारशे दिले, कारण ते द्यावेच लागतात. असेंब्लीला नाही म्हटलं, मुख्यतः रागाने.

तो गेल्यावर आई म्हणाली, "कढईला करपलं की आपण काय करतो? ओढतो का? भिजत घालतो." कोमट पाणी तांब्याने थोडं थोडं ट्रेत ओतलं. ते आत ड्रममध्येच उतरतं, घाबरायचं कारण नाही. वर ओलं फडकं दाबून तासभर ठेवलं. खळ सुटली आणि तिच्याखालून, सॉफ्टनरच्या कप्प्यात मागच्या बाजूला, निळी टोपी वर आली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'पुश'. अंगठ्याने दाबली, ट्रे हातात. दोन सेकंद. मला आनंद व्हायच्या आधी साडेचारशे आठवले.

पुढची सफाई अगदी सोपी. ढोकळ्याला लागतं ते लिंबूसत्त्व दोन चमचे, लिटरभर कोमट पाण्यात, त्यात ट्रे तासभर. पांढरा थर फसफसत सुटतो, कारण त्यात टँकरच्या जड पाण्यातला क्षार असतो. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. बुरशीला ब्लीच वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, आधीचं सगळं खळखळून धुतल्यावर. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो, आणि बाथरूम लहान असतं. हे आधी लिहायला हवं होतं: ट्रेच्या खोबणीत ब्रश घालण्यापूर्वी मशीनचा प्लग काढा.

ती निळी टोपी ओढून काढता येते. तिच्या आत बारीक नळी असते. शेवटच्या पाण्याच्या वेळी कप्पा भरून पाणी नळीच्या वर गेलं की सगळं सॉफ्टनर आपोआप ओढलं जातं. नळी तुंबली की खळ तिथेच साचते. 'मॅक्स' रेषेच्या वर ओतलं तर सॉफ्टनर कपडे धुवायच्या आधीच निघून जातं. मी रेषेच्या वर ओततच होतो. धुलाईनंतर तिथे थोडंसं पाणी राहणं मात्र ठीक आहे, त्यासाठी कुणाला फोन करू नका.

पावडरचा दगड का झाला, तेही मग कळलं. मधल्या कप्प्यात एक झडप आहे, ती लिक्विडसाठी. ती खाली पाडून आम्ही पावडर टाकत होतो. पावडर तिच्यामागेच अडकायची. वर दोन मापं, कारण बायकोचं म्हणणं "फेस दिसला पाहिजे". आता एकच माप, आणि धुणं झालं की ट्रे दोन बोटं उघडा. त्याला माझा गुडघा रोज लागतो.

हो, एक राहिलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली, म्हणजे पाण्याला दाब सगळ्यात कमी. नळ बंद करून मशीनमागची नळी सोडवली, तर तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी टँकरच्या वाळूने गच्च. ट्रेत धारच लागत नव्हती, पावडर वाहून कशी जाणार? पक्कडीने जाळी ओढा, नळाखाली धरा, परत बसवा. पाच मिनिटांचं काम, तेही रजा न टाकता.