हिरवी चादर

गेल्या गळीत हंगामातली रात्र. आमचं ग्रामीण रुग्णालय ऊसपट्ट्यातलं, त्यामुळे दिवाळीनंतर कॅज्युअल्टीत काय येणार ते ठरलेलं. कोयत्याचे घाव, सर्पदंश आणि ट्रॉली. साडेदहाला पिकअपमधून ऊसतोड कामगार आणला, बीडकडचा, पस्तिशीतला. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधल्या हुकावर बसून चालला होता, गचक्यानं खाली पडला आणि रिकाम्या ट्रॉलीचं चाक ओटीपोटावरून गेलं.

अंगावर म्हणावी अशी जखम नाही, मांडीला खरचटलेलं. शुद्धीवर होता. मुकादम म्हणाला, "मुका मार हाय, सुई द्या एक." नाडी १३०, वरचं बीपी ८४. मुक्या मारात असं होत नाही.

पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, हे एक हाड नव्हे. डावं-उजवं खुब्याचं हाड मागे त्रिकास्थीला, म्हणजे मणक्याच्या तळाच्या हाडाला, मजबूत लिगामेंटनी बांधलेलं, पुढे दोघं कूर्चेच्या सांध्यात भेटतात, असं ते कडं. आमचे अ‍ॅनाटॉमीचे सर काचेची बांगडी आणायचे आणि म्हणायचे, "एकाच जागी फोडून दाखवा." म्हणून पुढचा सांधा उघडला की मागेही काहीतरी गेलंय असं धरूनच चालायचं. पुढून दाब आला तर कडं पुस्तकासारखं उघडतं, आम्ही त्याला ओपन बुकच म्हणतो. खरी भीती हाडाची नसतेच. त्रिकास्थीसमोर शिरांचं जाळं असतं, ते फाटलं की बाहेर थेंब न दिसता पोटामागच्या जागेत लिटरच्या लिटर रक्त साठतं.

शिकत होतो तेव्हा आम्ही दोन्ही हातांनी कंबर दाबून, हलवून बघायचो. आता मी हात लावू देत नाही. धरलेली गुठळी सुटते. कडं मिटवून धरायला वॉर्डातली हिरवी चादर घेतली, वीतभर रुंद घडी घातली, गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवून करवत ओढावी तशी वर घेतली. इथे सगळे चुकतात. चादर कमरेला, करदोट्याच्या जागी बांधतात. ती खाली हवी, मांडीच्या हाडाचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा असतो ना, तिथे. दोघांनी विरुद्ध दिशांना ओढलं. गाठ ढिली पडते म्हणून पीळ देऊन दोन आर्टरी फोर्सेप, म्हणजे ऑपरेशनचे चिमटे, लावले. पावलं आत वळवून घोटे बांधले, गुडघेही. स्वतःच्या हातचं काम आवडावं असं क्वचित घडतं. ही चादर मला आवडली होती.

त्याची बायको पायथ्याशी उभी होती. "पाय तर धड हायेत की. मग गुडघे कशाला बांधताय?" काय सांगितलं ते आठवत नाही. धड सांगितलं नसणार.

ब्रदर कॅथेटर घेऊन आले. लघवीच्या जागेवर रक्ताचा एक थेंब होता. थांबवलं. मूत्रमार्ग अर्धवट फाटला असेल तर आंधळेपणी घातलेली नळी तो पुरता फाडते. चांगले ब्रदर, पण ट्रे उघडला की वापरायचाच अशी सवय. दोन मोठ्या सुया, बेताचं सलाईन, रक्तस्राव आवरायला एक ग्रॅम ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. बीपी ९६. आमच्याकडे रक्तपेढी नाही, रात्री एक्स-रे नाही. चिठ्ठी लिहून मोठ्या रुग्णालयात पाठवला.

रात्री अडीचला तिथल्या रेसिडेंटचा फोन. "सर, एक्स-रे नॉर्मल वाटतोय. पेल्विस फ्रॅक्चर का लिहिलंय?"

मी झोपेतून खडबडून उठलो. "चादर सोडलीस का?"

तो गप्प.

झोळी करून आणलेले पेशंट रोज चादरीसकट येतात, ही त्यातलीच म्हणून त्याने सोडली. बीपी साठवर आलं तेव्हा फोन केला. फोनवरच सांगून परत बांधून घेतली, रक्त लावलं. सकाळी त्याने मोबाईलवर दोन फोटो पाठवले. पहिला चादरीसकट काढलेला: पुढचा सांधा बंद, कुठेही रेघ नाही. दुसरा चादर ढिली असतानाचा: साडेचार सेंटीमीटर फट. अडीचच्या पुढे गेली तरी मागच्या सांध्याची पुढची लिगामेंट फाटल्याचं आम्ही धरतो. माझ्या चादरीने इजा बरी केली नव्हती, झाकली होती.

पोरगा सलग छत्तीस तास ड्युटीवर होता, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं? 'पी.बी. इन सिटू', म्हणजे पेल्विक बाइंडर, कंबरेचा बांध, जागेवर आहे. घाईत, डॉक्टरी अक्षरात, पाचव्या ओळीत. चादरीवर काहीच नाही.

पुढे प्लेट आणि मागे स्क्रू बसवून माणूस वाचला. तीन महिने कोयता बंद, मुकादमाची उचल अंगावर तशीच. बायको एकटी तोडीला जाते असं कानावर आलं; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो अर्धा झाला की हिशेब कसा होतो, ते मला ठाऊक नाही.

स्टोअरकडून विचारणा आली: चादर एक, आर्टरी फोर्सेप दोन, कुठे गेले? 'पेशंटसोबत' असं लिहून सही केली. आता मार्करची पेटी माझ्या टेबलावर असते, चादर बांधली की तिच्यावरच लिहितो. नवे इंटर्न आले की मात्र पहिला फोटो दाखवून विचारतो, काय दिसतंय? पोरं म्हणतात, नॉर्मल. अडीच वाजता, माझी ती चिठ्ठी वाचूनही, मीही तेच म्हणालो असतो.