तुम्ही विचारलंत म्हणून: पॅगोडाचा पंप काढून कार्बोरेटर का नाही लावत?

"एवढा त्रास देतोय ना, मग काढून टाका तो पंप. दोन कार्बोरेटर बसवा आणि मोकळे व्हा." मर्सिडीज २८० एसएलचं बॉनेट उघडलं की हा सल्ला आलाच. सांगणारे अडाणी नसतात. मधोमध खोलगट असलेल्या हार्डटॉपमुळे गाडीला पॅगोडा म्हणतात, १९६३ ते १९७१ या काळात २३०, २५० आणि २८० मिळून ४८,९१२ गाड्या बनल्या, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. फक्त इंजिनाच्या कुशीतला बॉशचा सहा प्लंजरांचा (दट्ट्यांचा) इंजेक्शन पंप, म्हणजे मोजून दाबाने पेट्रोल देणारा पंप, त्यांना डोळ्यांसमोर नको असतो; त्याजागी हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारे साधे कार्बोरेटर हवे असतात. तर एकदाच सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या बाजूचं. हेच २७७८ सीसीचं एम १३० इंजिन मर्सिडीजने स्वतः कार्बोरेटर लावून विकलं आहे. २८० एस सेडानला दोन झेनिथ कार्बोरेटर होते, ताकद १४० हॉर्सपॉवर. २८० एसएलची १७०. त्यामुळे "कंपनीनेच केलंय की" हे खरंच आहे. पण मधले तीस हॉर्सपॉवर एकट्या पंपाचे नाहीत. कॉम्प्रेशन वेगळं, कॅमशाफ्टही वेगळा. म्हणजे सेडानचे कार्बोरेटर आणून एसएलवर ठेवले की काम झालं, असं होत नाही. जेटिंग (पेट्रोलच्या भोकांची मापं) पहिल्यापासून जमवावं लागतं, मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्या) बदलावा लागतो, हेडमधली नोझलची सहा भोकं बुजवावी लागतात, आणि चेनवरून फिरणारा पंप निघाल्यावर त्या जागेचाही बंदोबस्त करावा लागतो.

आता पंप. प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर. तो किती पेट्रोल ढकलणार हे कंट्रोल रॅक नावाचा सरकता दांडा ठरवतो, आणि रॅक कुठे उभा राहणार हे आतला एक कॅम ठरवतो. हा कॅम नेहमीच्या कॅमसारखा नाही, सगळ्या बाजूंनी ओबडधोबड, बटाट्यासारखा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो स्वतःभोवती फिरतो, आरपीएम बदलले की गव्हर्नर (इंजिनाच्या वेगावर चालणारा नियंत्रक) त्याला पुढेमागे सरकवतो. थ्रॉटल (हवेची झडप) आणि वेग यांच्या प्रत्येक जोडीला किती पेट्रोल, याचं माप असं धातूत कोरून ठेवलेलं आहे. वर हवेच्या दाबावर चालणारी डबी आहे; गाडी घाट चढून वर गेली, हवा विरळ झाली की ती पेट्रोल कमी करते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल आणि जादा हवा द्यायला वॉर्म-रनिंग डिव्हाइस आहे. कॉम्प्युटर कुठेच नाही. हे काम १९६०च्या दशकातलं आहे, आणि ते बघताना मी आजही हरखून जातो. म्हणूनच तो सल्ला ऐकला की चिडतो, हेही मान्य.

एका गाडीची हकिकत सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक वादाचं उत्तर तिच्यात आहे. १९६९ची २८० एसएल, अमेरिकेतून जर्मनीत परत आणलेली. तक्रारी दोन. इंजिन गरम झालं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) काळा धूर, प्लग काजळीने भरलेले. आणि ऑटोबानवर थोडा वेळ दामटली की मिसिंग, म्हणजे इंजिन मध्येच अडखळणं, पेट्रोल संपल्यासारखं. पहिल्या गॅरेजने पंपावर बोट ठेवलं. पंप उतरवला, टेस्ट बेंचवरून (पंप तपासून जमवायच्या यंत्रावरून) ओव्हरहॉल करून आणला, त्यात हजारो युरो गेले. धूर तसाच, मिसिंगही तसंच. मग मिसिंग घालवायला कोणीतरी पंपाच्या मागच्या बाजूने आतले पार्ट-लोड आणि फुल-लोडचे स्क्रू रिचकडे, म्हणजे पेट्रोल जास्त पडेल असे, फिरवले. बेंचवर नुकतंच जमवलेलं सेटिंग गेलं. धूर वाढला, ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला, डिपस्टिकवर लेव्हल आपोआप चढायला लागली. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना खातं. शेवटी मालक कंटाळला. पंप, नोझल, लिंकेज (अ‍ॅक्सिलरेटरला थ्रॉटल आणि पंपाशी जोडणारे रॉड) सगळं उतरलं, दोन कार्बोरेटर आणि एक छोटा लो-प्रेशर पंप चढला.

आणि गाडी सुधारली! धूर गेला, मिसिंग गेलं. इथे आलं की सगळे म्हणतात, बघा.

तर पुढचंही बघा. नंतरच्या मालकाला गाडी मूळ रूपात हवी होती. जुना पंप पुन्हा बेंचवर जमवून बसवला, तर दोन्ही तक्रारी परत हजर. तेव्हा कुठे कोणीतरी टाकीकडे वळलं. रिटर्न लाइन सोडवून मापाच्या भांड्यात धरली. पंधरा सेकंदांत निदान एक लिटर पडायला हवं. पाव लिटरही पडलं नाही, आणि धार बघता बघता आणखी बारीक झाली. टाकीच्या तळाची जाळी गंजाच्या चिखलाने लिंपलेली होती. हिशोब करा: पंधरा सेकंदांत एक लिटर म्हणजे ताशी २४० लिटर. इंजिन त्यातलं थोडंच पितं, बाकीचं टाकीत परत जातं. जाता जाता वाफेचे बुडबुडे वाहून नेतं आणि पंपाला थंड ठेवतं. कार्बोरेटरला फक्त पिण्यापुरतं लागतं, तेवढं बुजलेल्या जाळीतूनही येत होतं. दोष टाकीत जसाच्या तसा होता, त्याची तक्रार करणारा भाग तेवढा उतरवला होता.

धुराचं कारण वेगळंच. इंजिन पूर्ण तापलेलं असताना वॉर्म-रनिंग डिव्हाइसच्या छोट्या एअर फिल्टरच्या तोंडावर बोट धरायचं. ओढ जाणवता कामा नये. या गाडीत बोट आत खेचलं जात होतं. मेणाच्या थर्मोस्टॅटची हालचाल वयोमानाने कमी झालेली, त्याच्याकडे येणारी कूलंटची वाट गाळाने चिंचोळी झालेली. त्यामुळे इंजिन तापलं तरी थंडीतलं जादा पेट्रोल चालूच राहत होतं. म्हणजे गाडीत दोन उलटे दोष एकत्र होते, आयडलिंगला रिच आणि लोडवर लीन (पेट्रोल कमी), आणि दोन्हींचा आरोप पंपावर. थर्मोस्टॅट बदलला, वाट साफ केली, टाकी उतरवून धुतली, जाळी, होस आणि फिल्टर नवे घातले. ओव्हरहॉलपुढे हा खर्च किरकोळ.

म्हणून पंपाला हात लावायच्या आधी क्रम पाळा. कॉम्प्रेशन, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), मग इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग. त्यानंतर एक लिटरची चाचणी, त्यानंतर बोटाची. मग लिंकेज: रॉड काढा, दोन टोकांच्या बॉल-जोडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी मोजा, मॅन्युअलशी ताडून बघा. थ्रॉटल आणि पंपाचा लिव्हर एकाच क्षणी हलायला लागले पाहिजेत. रॉड परत बॉलवर बसवताना आयडलिंग बदललं तर लांबी चुकलेली आहे. मिक्श्चर बघायला तापल्या इंजिनावर पंपाचा रॉड सोडवा. नुसता थ्रॉटल किंचित उघडल्यावर आरपीएम चढले तर गाडी रिच आहे, नुसता पंपाचा लिव्हर हलवल्यावर चढले तर लीन. आयडलिंगचा स्क्रू पंपाच्या मागे आहे, तो इंजिन बंद करूनच आत दाबायचा आणि फिरवायचा, चालू इंजिनावर कधीच नाही. त्याच्या पलीकडचे स्क्रू टेस्ट बेंचशिवाय फिरवू नका.

पूर्वी मी म्हणायचो, कार्बोरेटर लावलेली पॅगोडा ही पॅगोडाच नव्हे. आज तेवढ्या जोरात म्हणवत नाही. १९६९च्या २८० एसई ३.५ला मर्सिडीजने बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं, १९७१च्या ३५० एसएललाही तेच. ज्यांनी हा पंप वापरला, तेच पुढे निघून गेले होते. पण मग वाटतं, पुढे गेले ते इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनकडे, मागे कार्बोरेटरकडे नव्हे. हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही.

भारतातल्या मालकांची अडचण तर मला सरळ मान्य आहे. ई२० पेट्रोलमधलं (वीस टक्के) इथेनॉल ओलावा ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी खाली बसतं आणि प्लंजर त्यांच्या बॅरलमध्ये गंजून अडकतात. ते मायक्रॉनच्या फिटिंगचे आहेत, पॉलिश पेपरने घासून सुटले तरी गळतात. २८० एसएलमध्ये पंपाला इंजिनाचंच ऑइल मिळतं, त्यामुळे ती गळती थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरते. जुने रबरी होस बदलून इथेनॉल सोसणारे घाला, टाकी भरलेली ठेवा, दर पंधरवड्याला गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा. एवढं करूनही पंप गेला, जवळ टेस्ट बेंच नाही, आणि गाडी मात्र चालवायची आहे, अशा माणसाने कार्बोरेटर लावले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. फक्त काही कापू नका, वेल्डिंग करू नका. पंपात ऑइल भरा, सहाही तोंडांना बुच लावा, रॉडांची लांबी न बदलता प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, आणि वॉर्म-रनिंग डिव्हाइस पंपावरच राहू द्या.