कोरड्या वर्षीचा अहवाल

कॅलिफोर्नियातल्या हेमेट गावाच्या पश्चिमेला, सॉल्ट क्रीक ओढ्याच्या खोऱ्यात एका खासगी जमिनीची मे महिन्यात पाहणी केली, ती अजून डोक्यातून जात नाही. आधीच्या सल्लागाराचा अहवाल एका ओळीचा होता: ‘अ‍ॅट्रिप्लेक्स कोरोनाटा, नोटेशिअर हा प्रकार आढळला नाही.’ पाहणी कोरड्या वर्षातली.

चाकवताच्या कुळातली ही वितीएवढी वर्षायू वनस्पती. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड काउंटीच्या चोपण जमिनीत, हंगामी डबक्यांच्या काठाने उगवते. १९९८ पासून ती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. पाणी साचून ओसरलं की ओल्या कडेला बी रुजतं. पाऊस नसेल तर मातीत पडून राहतं. म्हणूनच आधी जवळच्या ठाऊक ठिकाणी ती यंदा उगवली आहे का ते बघायचं, मग नव्या जमिनीवर पाय ठेवायचा. त्या अहवालात या भेटीचा उल्लेखच नाही. हा आळस मला माफ करता येत नाही.

नुसत्या पानांवर नाव ठरत नाही. चाकवतासारखी पांढरट भुकटी हिच्या भाऊबंदांच्या पानांवरही असते. फळ धरेपर्यंत थांबायचं आणि दहापट भिंग लावायचं. एका बीभोवती दोन सहपत्रं (फुलालगतची छोटी पानं) मिटून गोलसर झालेली, कडा दातेरी, अंगभर दाट पुटकुळ्या, तर हीच. पुटकुळ्या विरळ असतील तर पुन्हा तपासायचं.

तीन-तीन मीटरवर समांतर फेऱ्या मारल्या. जमिनीच्या एका भागात गवत मारायला डिस्क हॅरो, म्हणजे तव्यांचा कुळव, फिरवलेला होता; तरी चाकोरीत पाणी मुरलं तिथे ३१ रोपं मिळाली. उरलेल्या भागावर गोठ्यांतलं शेणखत पसरलेलं, चांगलं तीन बोटं जाड. वर मोहरी आणि परदेशी गवत कमरेएवढं. नांगरट हे बी एखाद्या वर्षी सोसतं. शेणखताने मात्र मातीचा क्षारच बदलतो, वरून तणाची सावली. खताच्या कडेशी रोपं दोरी धरल्यासारखी संपली होती.

खासगी जमिनीवर संघराज्याचा कायदा प्राण्यांना जपतो तसा वनस्पतींना जपत नाही, त्यामुळे खत पसरणाऱ्याला कोणी विचारणार नाही. मालकाला अहवालात खताच्या भागापुढे ‘नाही’ हवं होतं. मी लिहिलं: ‘ठरवता येत नाही. खताचा थर काढून, चांगल्या पावसानंतर पुन्हा पाहणी.’