करवंटीतला होल

मावशी चौथं घावन वाढायला आली तेव्हा मी हात धुऊन समुद्रावर पळालो. गुहागरला मुंजीसाठी आलो होतो. कुंभार्ली घाट, हेदवी, वेळणेश्वर हे सगळं दोन दिवसांत उरकलं. फोटो बायकोच्या फोनमध्ये आहेत. मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवशीच्या ओहोटीचं.

डिकीत गोल्फचे क्लब (बॉल मारायचे दांडके) तसेच राहिले होते. आदल्या रविवारी एका नव्या गोल्फ कोर्सवर भरपूर फी मोजून सात बॉल पाण्यात घालवले होते. दोन्ही बाजूंना तळी आणि मधला फेअरवे (बॉल मारत न्यायचा गवताचा पट्टा) म्हणजे आमच्या सोसायटीचा पॅसेज. सरळ मारा, नाहीतर खिशातून नवा बॉल काढा. सगळे म्हणाले, 'काय चॅलेंजिंग आहे!' मीही म्हणालो. खोटं बोललो.

तर एक क्लब नि चार बॉल घेऊन सुरूच्या बनातून खाली उतरलो. चार पोरं लगेच मागे. लाल बनियनवाल्यानं, असेल दहाएक वर्षांचा, कुठून तरी करवंटी आणली आणि ओल्या वाळूत पुरली. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, ही त्याच्या आसपास असावी. सुरूची फांदी रोवून झेंडाही झाला.

पण त्यानं ती पुरली कुठं? ओहोटीनं मागं ठेवलेल्या डबक्याच्या बरोबर पलीकडं, जरा समुद्राच्या अंगाला. "वरनं मारा, काका. नायतर तिकडनं फिरवा." तिकडनं म्हणजे किनाऱ्याच्या चढावरून. तिथं बॉल टाकला की उतारानं आपोआप खाली वळतो. शेजारी कुणीतरी हौसेनं जीप गोल गोल फिरवून खोल चर पाडले होते (पासिंग पुण्याचं, आमच्यासारखंच). पोरांनी त्यांचे बंकर, म्हणजे बॉल अडकायचे वाळूचे खड्डे, करून टाकले.

स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकला असाच एक होल आहे, रेडान. क्रिमियाच्या युद्धातल्या एका तटबंदीवरून नाव पडलंय. पुढ्यात खोल बंकर, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) तिरपं आणि मागं उतरत जाणारं. थेट झेंड्यावर मारण्यापेक्षा उजवीकडं टाकून घरंगळत न्यावं. जगभरच्या आर्किटेक्टांनी त्याच्या नकला केल्यात. आमचा आर्किटेक्ट बर्फाच्या गोळ्यावर राजी होता.

मी अर्थातच वरनं मारला. डबक्यात. एकानं गुडघाभर पाण्यात शिरून बॉल आणून दिला. दुसरा चढावर टाकला. तो आधी भलतीकडंच निघाला, मग रेंगाळत वळला, खेकड्याच्या बिळाला वळसा घालून करवंटीपासून वीतभरावर थांबला. पोरं ओरडली, मीही. सगळ्यात लहानग्याला बॉल हवेत उडवता येत नव्हता; तो लांबून फिरून सहा फटक्यांत पोचला आणि आमच्याइतकाच खूश झाला. लाल बनियनवाल्यानं विटी हाणावी तसा हाणला, थेट डबक्यावरून. पठ्ठ्या!

सात बॉल घालवले तिथं असा दुसरा रस्ताच नव्हता, हे मला पाण्यात उभ्या त्या पोराकडं बघताना कळलं. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्सही असाच समुद्रालगतच्या वालुकामय जमिनीवर आहे. १४ होलना मिळून सातच जोडग्रीन (दोन होलना एक), फेअरवे ऐसपैस. माझ्यासारख्याला तिथं कुठूनही वाट सापडते. पुढचा फटका सोपा हवा असेल तर मात्र बंकरला खेटून जावं लागतं. कुणी जबरदस्ती करत नाही. मोह आपला आपल्यालाच होतो.

अंधार पडेस्तोवर तीन होल झाले. पाच काला-खट्टा, १०० रुपये. भरतीनं झेंडा नेला. करवंटी पोरानं आधीच उपसून घेतली होती.

सकाळी निघताना तो अंगणात हजर. "काका, बॉल ठेवून जा ना." दोन दिले. क्लबही देऊ का म्हटलं, बायकोनं डोळे वटारले तरी.

"नको. काठी आम्ही करतो."