कुत्र्याला काय म्हणता?

उत्तर जर्मनीत ल्यूखोच्या आसपासच्या खेड्यांत मी घरोघरी जाऊन आजारी आणि थकलेल्या माणसांची सुश्रूषा करते. सकाळी सहाला गाडी काढायची, इन्सुलिन टोचायचं, सुजऱ्या पायांना घट्ट मोजे चढवायचे, नोंद करायची की पुढचं घर. गप्पांना वेळ नसतो.

त्या गुरुवारी मात्र एका शेतकरी आजोबांकडे अडकले. (मनातल्या मनात माझे सगळे पेशंट आजी-आजोबाच.) मोजा टाचेवरून वर ओढत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत कुत्र्याला काय म्हणता?"

"कुत्रा."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग सांगायला लागले.

या भागाचं नाव वेंडलांड, म्हणजे वेंडांचा मुलूख. जर्मन लोक शेजारच्या स्लाव लोकांना, म्हणजे पोलिश-रशियनच्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांना, वेंड म्हणत. बाराव्या शतकाच्या सुमारास इथे ही गोल गावं वसली. त्यांना रुंडलिंग म्हणतात. मधे मोकळी जागा, भोवती घोड्याच्या नालासारखी घरं, सगळ्यांची तोंडं आत, परसामागे रुंदावत गेलेली शेतं. आजोबांचं घरही त्यातलंच. एकाच छपराखाली पूर्वी माणसं, गुरं, गवत सगळं असायचं. भरली गाडी आत यावी एवढा दरवाजा, आणि वरच्या तुळईवर घर बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावं कोरलेली.

पुढे सगळे जर्मन बोलू लागले. गावांची नावं तेवढी स्लाव राहिली. क्लेनोचंच घ्या. स्लाव भाषांत 'क्लेन' म्हणजे मेपल. जर्मनमध्ये त्या झाडाला 'आहोर्न' म्हणतात, त्यामुळे गावाचं नाव घेताना कुणाच्या डोळ्यांपुढे झाड येत नाही. आपल्याकडे पिंपळगाव म्हटलं की लहान पोरालाही पार दिसतो. मला हे फार लागलं.

जवळच्या झ्यूटनमध्ये योहान पारुम शुल्त्से नावाचा शेतकरी होता. तो खानावळही चालवायचा. १७२५ च्या सुमारास त्याने बखर लिहिली आणि तिच्यात वेंडी शब्द टिपून ठेवले. त्याने लिहिलंय की मी ४७ वर्षांचा आहे. मी आणि गावातली आणखी तीन माणसं गेलो की कुत्र्याला वेंडीत काय म्हणतात हेही कुणाला धड ठाऊक नसेल. ती भाषा बोलणारी शेवटची बाई १७५६ मध्ये वारली.

देव नाही, राजा नाही, त्याला कुत्रा आठवला. दारात रोज ज्याला हाक मारतो, तो. भाषा जाते म्हणजे काय जातं, हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पुढच्या घरी पोचायला उशीर झाला.

पुढच्या गुरुवारी दार उघडताच आजोबा म्हणाले, "कुत्रा." 'त' जरा जड, पण बरोबर. मग गाईला काय म्हणता ते विचारलं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी आधी देवनागरीत, मग त्यांच्या लिपीत 'गाय' लिहून दिलं. त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि खाली आपल्या थरथरत्या अक्षरात तो शब्द पुन्हा लिहिला.